काविळीचा उन्हाळा

तुमच्या आत्याचं पहिलं बाळंतपण तिच्या सासरी, नांदेडला का झालं, असं तुम्ही मागे एकदा फोनवर विचारलं होतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात, आणि आम्ही तेव्हा लातूरला धडधाकट होतो, मग मी, तुमच्या आजीनं, तिला परत का पाठवलं? मी तेव्हा "असंच" म्हणून विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आता लिहून काढते, आणि क्रमानं लिहिते, कारण क्रम सुटला की त्या उन्हाळ्याची माझ्या डोक्यात नुसती भीती उरते, बाकी काही राहत नाही.

मी तेव्हा लातूरला नगरपालिकेच्या दवाखान्यात आरोग्य पर्यवेक्षिका होते. नर्सिंगचं शिक्षण हैदराबादला इंग्रजीतून झालेलं, म्हणून वर पाठवायचे अहवाल आमचे डॉक्टरसाहेब माझ्याकडूनच लिहून घेत. पण माझं खरं काम गल्लीत होतं. कुठे गोवर निघाला, कुठे जुलाब लागले, या घरातून त्या घरात ते कसे गेले, हे दारोदार फिरून शोधायचं. दार उघडणाऱ्या बाईला राग न येऊ देता तिच्या परसातल्या संडासापर्यंत पोचायचं, हे त्यातलं कौशल्य. ते मला येत होतं.

भूकंप होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. आमचं घर पडलं नव्हतं, एका भिंतीला तडा गेला होता एवढंच. पण त्यानंतर कित्येक महिने गल्लीत कुणी स्लॅबखाली झोपायला तयार नव्हतं. तुमचे आजोबा शाळेत भूगोल शिकवायचे. भूकंप का होतो ते फळ्यावर आकृती काढून सांगायचे आणि रात्री खाट अंगणात टाकायचे. ज्याला जमलं त्यानं परसात पत्र्याची खोली उभी केली. पडलाच तर पत्रा पडेल, जीव तरी वाचेल, असा हिशेब. पुढे भीती ओसरली, माणसं परत घरात झोपायला गेली, आणि त्याच सुमाराला शिकवण्यांचं पेव फुटलं. औसा, मुरुड, निलंगा, पार कर्नाटकाच्या हद्दीपासून मुलंमुली दहावी झाली की लातूर गाठू लागली. पत्र्याच्या रिकाम्या खोल्यांत कॉट पडले. जिथे एका कुटुंबाचा संडास होता तिथे वसतिगृहच झालं, म्हणून घाईघाईनं नवे शोषखड्डे खणले गेले. नळाचं पाणी पुरेना, म्हणून त्याच परसांत बोअर घेतले गेले.

त्या वर्षी उन्हाळी बॅच सुरू झाल्यावर काही आठवड्यांत काविळीची मुलं दिसायला लागली. दवाखान्यात नव्हे. दवाखान्यात फार थोडी आली. मला ती रस्त्यात दिसली, गळ्यातल्या माळेवरून. कुठल्याशा मुळीचे पांढरे तुकडे दोऱ्यात बांधून केलेली ही माळ काविळीच्या माणसाला डोक्यावरून घालायची. ती दिवसागणिक लांबत जाते, छातीवरून पोटावर, पोटावरून गुडघ्यावर, आणि पायांतून निघाली की कावीळ उतरली, असं मानतात. शिकवणीला जाणाऱ्या मुलांनी शर्टाचं वरचं बटण लावलेलं असे, मुलींची ओढणी गळ्याशी गच्च. एवढ्या उन्हात गळा झाकलेला दिसला की मी सायकलवरून उतरत असे.

"कावीळ आहे का ग?"

"न्हाई न्हाई, बाई."

"डोळे दाखव."

"आवो, जागरणानं हायत. घरी नका ना कळवू. बाबा येऊन गावाकडं नेतेत, मग बॅच गेली की माझी." ही मुलगी औशाच्या बाजूची होती. तिचे डोळे हळद लावल्यासारखे होते.

माळा कुठून येतात हे शोधणं अवघड नव्हतं. गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात एक म्हातारे पिंजारी राहायचे. धंदा गाद्या भरण्याचा, पण पहाटे, अनशापोटी आलेल्या माणसाला ते फुकट माळ द्यायचे. त्यांच्या वडिलांनीही दिली होती. मी सकाळी सकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले, तर पुढे रांग.

"या या," ते म्हणाले, "सरकार आमच्या ओट्यावर! अब माला को बी लायसन लगता क्या?"

"लायसन नको, चाचा. मला फक्त इथं बसू द्या. कोण कुठून येतं ते विचारते."

"नाम मैं किसीका पूछता नहीं, बाई."

"नाव मलाही नको. गल्ली सांगितली तरी पुरे."

त्यांनी कापूस झटकून माझ्यासाठी जागा केली. "बैठो. पन एक बात. माला निकालो, ऐसा बोलना नक्को. डर के मारे आतेच नहीं फिर."

"नाही बोलणार," मी म्हटलं, आणि रोज सकाळी तिथे बसू लागले.

आता माझ्या भीतीचं सांगते. कावीळ म्हटल्यावर गल्लीत कुणी घाबरत नसे. उसाचा रस, माळ, बिनहळदीचं जेवण, महिनाभर पडून राहायचं आणि उठायचं. तरुण मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा ते खरंही होतं. पण हैदराबादला शिकत असताना मी काविळीची एक गरोदर बाई पाहिली होती. सातवा महिना होता. सकाळी ती माझ्याशी हसून बोलली, दुपारी मला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक मारू लागली, मग झोपली. त्या झोपेतून ती उठली नाही, आणि पोटातलं मूलही गेलं. आमच्या सिस्टर म्हणाल्या होत्या, पाण्यातून पसरणारी एक कावीळ असते, ती इतरांना सोडून देते, गरोदर बाईला सोडत नाही. ते वाक्य मी तेव्हा परीक्षेसाठी पाठ केलं होतं.

आणि तुमची आत्या त्या उन्हाळ्यात ओटी भरून माहेरी आलेली होती. सातवा संपत आला होता.

मी घरात नियम लावले. पाणी उकळून, वीस मिनिटं खळखळून. बर्फ नाही, रस नाही, बाहेरची काकडी नाही, पाणीपुरीचं नावसुद्धा नाही. का, ते तिला सांगितलं नाही. ती शहाणी मुलगी, सगळं पाळत होती. वैतागून पण पाळत होती.

गल्ल्यांचा एक नकाशा मी हातानं काढला होता. माळेचं माणूस कळलं की त्या जागी लाल टिकली चिकटवायची. तो नकाशा मी कपाटाच्या दाराला आतून लावला होता, तिला दिसू नये म्हणून. ती साडी शोधायला गेली आणि तिला दिसला.

"माझ्या टिकल्या कुठं जाताहेत ते आत्ता कळलं," ती हसून म्हणाली. मग हसू गेलं. "आई, हे सगळे आजारी आहेत?"

"हो. शिकवणीची मुलं आहेत जास्त करून. बरी होतात."

ती नकाशाजवळ गेली. "आपलं घर कुठंय यात?"

मी बोट ठेवलं. आमच्या घरावर टिकली नव्हती. पण आमची गल्ली, तिच्या मागची आणि पुढच्या चौकापर्यंतचा भाग इतका लाल झाला होता की घर त्यात अगदी मधोमध आलं होतं. हे मला आधी माहीत होतं. तिच्या शेजारी उभं राहून ते पाहिलं आणि मी कपाटाचं दार लावून टाकलं.

उगम सापडत नव्हता. टाकीचं पाणी तपासलं, ठीक. नळाचं पाणी तपासलं, त्यात क्लोरीन होतं. साहेब म्हणाले, "सिस्टर, पाणी चांगलं आहे. पोरं रस पिऊन आजारी पडताहेत, दुसरं काय." मला बोअरचा संशय होता. शोषखड्डा आणि बोअर एकाच परसात, मग संशय यायलाच हवा. पण ज्याला विचारावं तो एकच सांगे. आपल्याकडे घरात दोन प्रकारचं पाणी असतं, प्यायचं आणि वापरायचं. नळाचं आठवड्यातून एकदा येतं, ते हंड्यांत भरून, गाळून, उकळून प्यायचं. बोअरचं वापरायचं, म्हणजे धुणं, भांडी, अंघोळ, फरशी. बोअरचं पाणी पिता का, असं विचारलं की माणसं दुखावत. पत्र्याच्या खोलीतली मुलंसुद्धा म्हणत, "न्हाई ओ बाई, तेवढं कळतंय आम्हाला." जेवतात कुठे, हेही विचारून झालं. कुणी या खानावळीत, कुणी त्या, कुणाचा घरून डबा. जुळत काहीच नव्हतं. आणि पिंजारी चाचांच्या ओट्यावरची रांग रोज वाढत होती.

त्या दिवशी उन्हानं माझं डोकं दुखायला लागलं, म्हणून मी दुपारी लवकर घरी आले. तुमची आत्या ओसरीवर पाय लांब करून बसली होती. शेजारी स्टीलची किटली आणि हातात भरलेला पेला.

"ये, तू पण घे," ती म्हणाली. "काकूंचं ताक."

काकू म्हणजे आमच्या शेजारच्या खानावळवाल्या. त्यांच्या परसात पत्र्याच्या खोल्या होत्या, आणि दारात उन्हाळाभर त्या ताकाची पाणपोई चालवायच्या. लोक पाण्याची पाणपोई लावतात, त्यांनी ताकाची लावली होती. उन्हातून शिकवणीहून येणारं पोर कुठल्याही खानावळीचं असो, त्याला एक पेला ताक. फुकट. नवरा गेल्यापासून त्यांचं ते व्रतच होतं. मी रोज त्या पिंपावरून जात होते. आत्याला ताकाचे डोहाळे लागलेत म्हटल्यावर तिच्यासाठी दुपारी, मी कामावर असताना, किटली वेगळी येऊ लागली होती.

मी पेला हातात घेतला. बाहेरून त्याला दव आलं होतं.

"बर्फ घातलाय यात?"

"तू नको म्हणाली होतीस ना. मी विचारलं काकूंना पहिल्याच दिवशी. त्या म्हणाल्या, बर्फ कशाला, बोअरचं ताजं उपसलेलं पाणी घालते, फ्रीजला मागं सारतं."

"रोज घेतेस?"

"आल्यापासून. आई, काय झालं? बस बघू आधी."

मी बसले नाही. तशीच शेजारी गेले.

काकू पिंपात रवी घालून उभ्या होत्या. "या सिस्टरबाई. आज लौकर?"

"काकू, ताकात पाणी कुठलं घालता?"

"आता ताकात पाणी घालावंच लागतंय की. बिनपाण्याचं ताक कुठं असतंय?"

"कुठलं पाणी?"

"बोअरचं. नळाचं आठ दिवसाला येतंय, ते प्यायचं. ते काय ताकात घालू?" आणि मी पिंपाकडेच बघतेय असं पाहून त्यांचा आवाज चढला. "माझ्या हातचं ताक पिऊन कुणाला काय झालंय? सांगा ना. दुवा देतेत पोरं. रस्त्यावरचे रसवाले दिसत न्हाईत तुम्हाला, रांडमुंड बाईची पाणपोई दिसली लगेच!"

"तुमचा संडासाचा खड्डा कुठाय, काकू?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. बोअरच्या हातपंपाकडे, मग पत्र्याच्या खोल्यांच्या कोपऱ्याकडे. माझ्याही नजरेनं तेच अंतर मोजलं. रवी त्यांच्या हातातून पिंपात सुटली. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आमच्या ओसरीकडे गेली.

"आणि आपली पोर..." त्या म्हणाल्या.

"हो. रोज."

त्या तिथेच उंबऱ्यावर बसल्या. "जिवाला बरं पडंल म्हणून धाडीत होते ओ. लेकीवानी."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. खरोखरच माहीत होतं. पिंप आम्ही दोघींनी मिळून मोरीत उलटं केलं. दोन मुली वह्या छातीशी धरून दारात येऊन उभ्या होत्या, त्यांना काकू म्हणाल्या, "संपलं आज. जा घरला, पाणी प्या जावा. उकळलेलं प्या."

दुसऱ्या दिवसापासून मी मुलांना ताकाबद्दल विचारलं. हो, प्यायलो. हो, रोज. शिकवणी सुटली की तिथंच. बहुतेक टिकल्या त्या पिंपापाशी जुळल्या. बोअरच्या पाण्याचा नमुना गेला, पंपाचा दांडा काढून ठेवला, आजूबाजूचे बोअर बंद करायला लावले. साहेबांनी मला शाबासकी दिली. आजोबा म्हणाले, "झालं ना आता? सापडलं ना?"

त्यांना कळलं नव्हतं. ही कावीळ पोटात गेली की लगेच दिसत नाही. काही आठवडे माणूस हिंडतं, फिरतं, खातं, पितं आणि मग एके दिवशी पिवळं होतं. ताक बंद झाल्यावरही ओट्यावर नवी माणसं येत राहिली. प्रत्येकाला विचारलं की त्यानं ताक महिन्याभरापूर्वी घेतलेलं असे. म्हणजे जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असे आणि माणसाला पत्ता नसे. मी घरी येऊन तिच्याकडे बघे. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत असे, गाणं गुणगुणत असे. मी काहीतरी निमित्तानं तिला दारात, उजेडात बोलवत असे.

शेवटी मी नांदेडला विहीणबाईंना फोन केला. त्यांच्या घराजवळच मोठं सरकारी रुग्णालय होतं, रक्तपेढी तिथेच, आणि बाळंतिणींच्या वॉर्डची मेट्रन माझी हैदराबादची वर्गमैत्रीण. लातूरला राहून मला ही सोय एवढी हाताशी नसती.

"काय करून राहिलात तुम्ही, विहीणबाई?" त्या म्हणाल्या. "पहिलटकरणीला माहेराहून सासरी पाठवतात का कुठं? ओटी भरून दिली पोर आम्ही. आजारी आहे का ती?"

"नाही."

"मग?"

"होईल कदाचित." आणि मी त्यांना सगळं सांगितलं. हैदराबादच्या बाईचं सोडून सगळं. मग तेही सांगितलं.

"म्हणजे चांगली पोर घेऊन गेलात आणि आजारी आणून देणार."

"हो."

"लोकांना काय सांगू मी?"

"सांगा, आईला झेपत नाही म्हणून."

"ते तर सांगेनच," त्या म्हणाल्या. "तुम्ही पण या. एकट्या पोरीला पाठवू नका."

मी रजा टाकली आणि जीप ठरवली. अहमदपूरपर्यंत तुमची आत्या माझ्याशी बोलली नाही. तिला वाटत होतं मी तिला घरातून काढते आहे. लोह्याच्या पुढे तिनं एकदम विचारलं, "यात मरतात का, आई?"

तिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. "काही बायका."

"आणि बाळ?"

मी तिचा हात धरला. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

नांदेडला विहीणबाई माझ्याशी तुटक वागत. चहा देत, पण नावं ठेवत. "तुमच्याकडे डालड्याच्या डब्यात पीठ ठेवतात म्हणून पोरीला सवय लागलीय." मी ऐकून घेत असे. मात्र माझ्या लक्षात यायला लागलं की सकाळी त्याही तिला काहीतरी निमित्तानं खिडकीपाशी बोलवतात. कधी सुईत दोरा ओवायला, कधी तांदूळ निवडायला. आम्ही दोघी एकमेकींना काही न बोलता तेच करत होतो.

मग तिला फोडणीचा वास सहन होईना. दिवस भरत आलेत, होतं असं, असं मी म्हणाले. मला ते खरं वाटत नव्हतं. एका सकाळी विहीणबाई माझ्याजवळ आल्या, पदरानं हात पुसत, आणि हळूच म्हणाल्या, "जरा उजेडात या तुम्ही. मला एकटीला नको बघायला."

तुमची आत्या खिडकीत बसली होती. तिनं आमच्याकडे बघितलं आणि आमचे चेहरे बघून स्वतःच म्हणाली, "झाले ना पिवळे?"

रुग्णालयात खाट मिळाली. मेट्रन मैत्रिणीनं मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं ते मला ठाऊकच होतं. औषध असं नव्हतं. दोन गोष्टींकडे लक्ष ठेवायचं. एक, तिचं भान जातंय का. आणि दुसरी, बाळंत होताना रक्त. कावीळ यकृताला धरते, मग रक्त गोठत नाही, सुरू झालं की थांबत नाही.

पहिल्या गोष्टीसाठी आम्ही पाळ्या लावल्या. अर्ध्या अर्ध्या तासानं तिला काहीतरी विचारायचं. मी पाढे विचारत असे, विहीणबाई नातेवाईक विचारत. "तुझ्या नवऱ्याच्या धाकट्या मामीचं माहेर कुठलं?" हे तर मला पूर्ण शुद्धीतही सांगता आलं नसतं. आत्या सांगायची. मध्येच चिडायची. "अहो आई, मला कावीळ झालीय, वेड नाही लागलं." सासूला ती अहो आई म्हणायची, मला नुसतं आई, आणि त्या दिवसांत तिनं ते दोन्ही नीट वेगळं ठेवलं की मला हायसं वाटे.

विहीणबाईंनी एके दिवशी पिशवीतून माळ काढली. नांदेडच्या कुणाकडून आणली होती. "घालू का? तुमच्या शास्त्रात बसत नसेल."

"घाला," मी म्हटलं. ती त्यांनी घातली आणि मग माहूरच्या देवीला हात जोडले. मीही जोडले.

त्यानंतरच्या एका दुपारी मी विचारलं, "तेरा सक्कं?"

ती डोळे मिटून पडली होती. "कोण आहे ते?" ती पुटपुटली. "कोण बाई आहात तुम्ही?"

मी उठून उभी राहिले. खाटेचा दांडा धरला. हैदराबादचा वॉर्ड, तो वास, ती दुपार, सगळं एकदम समोर आलं. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर तिनं एक डोळा उघडला. पिवळा, पण हसरा. "अठ्ठ्याहत्तर," ती म्हणाली. "कंटाळा आला ग आई त्याच त्याच पाढ्यांचा."

मी तिच्या दंडावर चापट मारली, जोरात. आणि मग तिथेच, सगळ्या वॉर्डासमोर रडले. विहीणबाई धावत आल्या, त्यांना वाटलं संपलं. कळल्यावर त्यांनी सुनेला जी तोंडभरून शिवी घातली ती इथे लिहीत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाया हसायला लागल्या होत्या.

दिवस भरायच्या आधीच तिच्या कळा सुरू झाल्या. सकाळी तिला आत नेलं. मी नर्स असले तरी मला आत येऊ दिलं नाही. मैत्रीण म्हणाली, "तू बाहेर बस. आत्ता तू नर्स नाहीस, तिची आई आहेस." तिनं खरं तेच सांगितलं. बाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. त्यावर विहीणबाई आणि मी. जावई रक्तपेढीच्या खिडकीपाशी उभा होता, बाटल्या तयार ठेवल्या होत्या. उन्हं व्हरांड्यात आली, आमच्या पायांवर चढली. आत एक पंखा खडखडत होता, तो आवाज मला अजून आठवतो. तुमच्या आत्याचं ओरडणं ऐकू येत होतं तोवर मला बरं वाटत होतं. मग ते थांबलं.

मग बाळाचा आवाज आला. बारीक, मांजराच्या पिल्लासारखा. विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. आम्ही दोघीही उठलो नाही. बाळाच्या आवाजानं काहीच ठरत नव्हतं, आणि ते त्यांनाही ठाऊक झालं होतं. मी दाराकडे बघत होते. आतून कुणी पळत बाहेर आलं, बाटलीसाठी खिडकीकडे गेलं, की सगळं कळणार होतं. एक आया बाहेर आली, तिच्या हातात बादली होती. बादलीत काय आहे ते मी बघितलं नाही. ती सावकाश चालत गेली.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. उन्हं बाकावरून भिंतीवर गेली. विहीणबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली होती, आणि ती मी सोडवून घेतली नाहीत.

मैत्रीण बाहेर आली. हातमोजे काढत होती. आम्ही दोघी एकदम उठलो आणि दोघींच्या तोंडून एकच प्रश्न निघाला.

"रक्त थांबलं का?"

"थांबलं," ती म्हणाली. "थांबलंय. बोलतेय ती. पाणी मागतेय."

विहीणबाई मट्‌कन खाली बसल्या, बाकावर नव्हे, फरशीवर. मी त्यांच्या शेजारी बसले. मैत्रीण आमच्याकडे जरा बघत राहिली, आम्ही आणखी काही विचारू म्हणून. मग तिनं स्वतःच सांगितलं, मुलगी आहे, लहान आहे, पण श्वास नीट घेतेय, काचेच्या पेटीत ठेवतोय. मुलगा की मुलगी, हे विचारायचं आम्हा दोघींनाही सुचलं नव्हतं.